आजाराची भीती आणि ओसीडी: रोज काय करायचं आणि काय करणं थांबवायचं

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रोड, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात जीबीएसचे (गिया-बारे सिंड्रोम, नसांचा एक आजार) पेशंट सापडायला लागले तेव्हा अर्धं पुणं पाणी उकळून पीत होतं आणि ते बरोबरच होतं. पण त्याच दिवसांत काही घरांत एखादं माणूस उकळलेलं पाणी परत उकळत होतं, दर थोड्या वेळाने टाचा उचलून पायात जोर आहे का बघत होतं, रात्री दोन वाजता बायकोला उठवून विचारत होतं की अगं माझ्या बोटांना मुंग्या येतायत, तुला काय वाटतं. पुढे पेशंट कमी झाले, बातम्या थांबल्या, सगळे आपापल्या कामाला लागले, आणि या माणसाची भीती तिथून उठली ती दुसऱ्या आजारावर जाऊन बसली. हे सगळं त्या माणसासाठी लिहिलंय आणि त्याच्या घरच्यांसाठी.

मी डॉक्टर नाही. मला स्वतःला ओसीडी आहे (नकोसे विचार परत परत येणं आणि भीती जावी म्हणून त्याच त्या कृती करत राहणं, असा मानसिक आजार), त्यात आजारांची भीती हा मोठा भाग, आणि उपचार घेऊन आता नोकरी, घर, सणवार सगळं नीट चालू आहे. उपचारात जे शिकले आणि जे रोज वापरते ते इथे आहे. सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट आहे ती आधीच सांगते: "मला काही झालंय का" या प्रश्नाचं शंभर टक्के उत्तर मिळवायची धडपड हाच आपला आजार आहे. ते उत्तर न मिळवता पुढच्या कामाला लागणं हे शिकायचंय, बाकी सगळ्या पायऱ्या त्यासाठीच.

आधी चक्र ओळखा

समजा तुम्ही स्वारगेटला बसची वाट बघताय आणि छातीत डावीकडे बारीकशी कळ आली. अशी कळ कोणालाही येते, शेजारच्या माणसाला आली तर तो खांदा हलवतो आणि बस कुठली आली ते बघतो. तुमच्या डोक्यात मात्र लगेच "अटॅक तर नाही ना" येतं, घाबरल्यामुळे शरीरात अॅड्रेनलिन वाढतं, छाती धडधडते, हाताला घाम सुटतो, आणि आता ती धडधडच पुरावा वाटायला लागते. मग नाडी बघायची, मोबाइलवर लक्षणं शोधायची, भावाला फोन लावायचा, तो म्हणतो अरे अॅसिडिटी असेल, की हायसं वाटतं. थोडाच वेळ. मग परत, "पण त्याने नीट ऐकलं तरी का? मी डावीकडे म्हणालो का मधे म्हणालो?"

हायसं वाटतं ना, घोळ तिथे आहे. मेंदू त्यातून असं शिकतो की धोका खरा होता आणि नाडी बघितली, फोन केला म्हणून आपण वाचलो. म्हणून पुढच्या वेळी तो जास्त लवकर आणि जास्त जोरात घाबरवतो. डास चावलेली जागा खाजवली की बरं वाटतं आणि मग दुप्पट खाजते, अगदी तसं.

गॅसचा नॉब, दाराची कडी, हात धुणं, पूजेत चूक झाली का, गाडीखाली कोणी आलं का, हे सगळं याच चक्राने चालतं. विषय बदलतो, चाल तीच. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या वर्गीकरणात आजारभीतीला ओसीडीच्याच गटात ठेवलंय. त्यामुळे "मला ओसीडी आहे का आजारभीती" यावर रात्र घालवू नका, दोन्हीवरचा उपाय बराचसा सारखा आहे.

आणि एक, नको ते विचार येणं हा काही आजार नाही. रॅकमन आणि डी सिल्वा या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली ज्यांना काहीही त्रास नाही अशा लोकांना विचारलं तेव्हा सुमारे ८० टक्के लोकांनी सांगितलं की असे विचित्र, भीतीदायक विचार आम्हालाही येतात. ते विचार येतात आणि जातात, आपण त्यांना धरून बसवतो आणि त्यांची चौकशी करत राहतो, फरक तेवढाच.

एकदाच नीट तपासणी, एकाच डॉक्टरकडे

शरीराची तपासणी न करता सगळं मनावर ढकलू नका, थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी१२ असल्या गोष्टींनीही धडधड आणि थकवा येतो. पण तपासणी एकदा करायची. एक फॅमिली डॉक्टर ठरवा, शक्यतो पेठेतला किंवा सोसायटीजवळचा जो तुम्हाला ओळखतो, आणि त्यांना सरळ सांगा, "डॉक्टर, मला आजारांची भीती वाटण्याचाच त्रास आहे, त्यावर मी उपचार घेतोय. गरज असेल तीच टेस्ट सांगा, माझ्या समाधानासाठी म्हणून टेस्ट लिहून देऊ नका." मी पाहिलंय की बहुतेक डॉक्टरांना हे ऐकून बरंच वाटतं. मग त्यांच्याशी भेटीच्या तारखा ठरवून घ्या, समजा दीड-दोन महिन्यांनी एकदा, लक्षण असो नसो. लक्षण आलं की पळायचं आणि नाही आलं की नाही जायचं, ही सवय त्यामुळे मोडते.

फुल बॉडी चेकअपच्या पॅकेजबद्दल माझं मत स्पष्ट आहे, आपल्यासारख्यांनी ती घेऊ नयेत. रिपोर्टवर जी नॉर्मल रेंज छापलेली असते ती बहुतेक वेळा अशी ठरवतात की निरोगी लोकांपैकी ९५ टक्के लोक तिच्यात बसतील. म्हणजे ५ टक्के ठणठणीत माणसं तिच्या बाहेर असणारच. आता एकमेकींशी संबंध नसलेल्या २० टेस्ट एकदम केल्या तर पूर्ण निरोगी माणसाचीही निदान एक टेस्ट रेंजबाहेर जायची शक्यता ६४ टक्क्यांच्या आसपास जाते, आणि ही पॅकेजं तर ६०-७० पॅरामीटरची असतात! ठळक छापलेला तो एक आकडा आपल्याला पुढचे तीन आठवडे पुरतो. डॉक्टरांनी कारणाने सांगितलेली टेस्ट मात्र जरूर करायची, ती टाळणं हेही भीतीचंच एक रूप आहे, कारण काही जण उलट असतात, रिपोर्ट काय येईल या धास्तीने वर्षानुवर्षं डॉक्टरची पायरीच चढत नाहीत.

वही करा

एक साधी वही घ्या आणि आठवडाभर फक्त लिहा, काही बदलायला जाऊ नका. काय झालं, काय विचार आला, भीती शंभरपैकी किती, आणि मी काय केलं. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, कारण आपण काय काय करतो हे आपल्यालाच माहीत नसतं. हात धुणं, कडी तपासणं दिसतं. पण गळ्यातल्या गाठी चाचपणं, आरशात जीभ आणि डोळ्यांचा पांढरेपणा बघणं, घास गिळताना अडकतो का म्हणून परत परत गिळून बघणं, कोविडच्या वेळी घेतलेला ऑक्सिमीटर अजून उशाशी ठेवणं, स्मार्टवॉचवर ठोके बघणं, वर्तमानपत्रातल्या निधनाच्या बातम्यांत वय बघणं, आजाराची बातमी लागली की चॅनेल बदलणं, मनातल्या मनात "काल पण असंच झालं होतं आणि काही झालं नाही" अशी उजळणी करणं, हे पण त्यातच मोडतं. विचारणं तर सगळ्यात मोठं, आणि ते फार हुशारीने लपतं. "आई, आज मी जरा फिकट दिसतोय का गं?" हा प्रश्न साधा वाटतो, पण दिवसातून सहाव्यांदा विचारला की तो साधा नसतो.

यातल्या कित्येक गोष्टी लक्षण स्वतःच तयार करतात हे वहीतून दिसायला लागतं. गाठ रोज दाबली की ती दुखते आणि सुजते. लागोपाठ कोरडं गिळलं की घसा आवळतो. भीतीने भराभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि बोटांना, ओठांभोवती मुंग्या येतात. जीबीएसच्या दिवसांत किती जणांना या मुंग्यांनी छळलं असेल याची मला कल्पना आहे. जीबीएसमध्ये पायातली ताकद जात जाते, जिना चढता येत नाही आणि ते दिवसागणिक वाढतं. भीतीच्या मुंग्या कामात गुंतलं की बहुतेक विरतात.

फोनचं काय करायचं

लक्षणं सर्च करणं पूर्ण बंद. थोडं-थोडं कमी करू असं यात चालत नाही, माझं तरी कधी चाललं नाही, कारण "फक्त एकच साइट" अशी नसतेच. ऑक्सिमीटर आणि बीपीचं मशीन शेजाऱ्यांकडे किंवा बहिणीकडे देऊन टाका (डॉक्टरांनी बीपी मोजायला सांगितलं असेल तर त्यांनी सांगितलेल्या वेळीच). घड्याळातलं ठोक्यांचं नोटिफिकेशन बंद करा. आजारांचे रील्स येतात तिथे नको आहे असं दाबत रहा, काही दिवसांत कमी होतात. फॅमिली ग्रुपवर काकांनी टाकलेले "ही पाच लक्षणं दिसली तर सावधान" उघडायचे नाहीत. चॅटबॉटला विचारणं हे पण गूगलच समजा, उलट जास्त वाईट, कारण ते न कंटाळता शंभर वेळा उत्तर देतं.

उशीर करायला शिका

एकदम सगळं थांबवता येत नाही त्यांनी इथून सुरुवात करावी. तपासायची, विचारायची ऊर्मी आली की स्वतःला सांगा, पंधरा मिनिटांनी. नाही म्हणायचं नाही, फक्त पुढे ढकलायचं. त्या वेळात जे करत होतात तेच करत रहायचं, भाजी चिरत असाल तर भाजी, ऑफिसचं एक्सेल असेल तर एक्सेल. भीती घालवण्यासाठी म्हणून काही करू नका, तिला बाजूला राहू द्या. पंधरा मिनिटांनी ऊर्मी असेलच तर परत पंधरा. यातून एक गोष्ट अंगात मुरते की ऊर्मी वाढते, शिखर गाठते आणि आपण काही न करताही ओसरते. मग अर्धा तास, मग दोन तास, मग "उद्या सकाळी". ज्या गोष्टी उद्यावर टाकता येतात त्यातल्या बऱ्याच उद्या आठवत पण नाहीत.

मुख्य उपचार: ईआरपी

ओसीडीवर सगळ्यात जास्त पुरावा असलेला मानसोपचार म्हणजे एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन, थोडक्यात ईआरपी. याची सुरुवात १९६६ साली लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलमध्ये व्हिक्टर मायर यांनी केली. त्याआधी ओसीडी बरा होत नाही असंच बहुतेकांचं मत होतं. कल्पना सांगायला सोपी आहे, ज्याची भीती वाटते त्याच्या जवळ ठरवून, पायरी-पायरीने जायचं आणि नेहमीची कृती, म्हणजे तपासणं, धुणं, विचारणं, करायची नाही. करायला अवघड आहे हे मान्य, म्हणून शक्य असेल तर थेरपिस्टबरोबर करा.

रेबीजचं उदाहरण घेऊ, कारण आपल्याकडे गल्लोगल्ली कुत्री आहेत आणि ही भीती मी खूप लोकांमध्ये बघितलीय. कुत्रं बाजूने गेलं, पायाला ओलं काहीतरी लागलं, लाळ असेल का, पायावर ओरखडा होता का, दोन वर्षांनी पण रेबीज होतो म्हणे. मग पाय धुणं, टॉर्च मारून कातडी बघणं, आणि शेवटी कुत्रं चावलेलं नसताना लसीचे डोस.

आधी माहिती एकदाच नीट घ्यायची. जागतिक आरोग्य संघटनेच्या नियमाप्रमाणे कुत्र्याला हात लागला, त्याला खायला दिलं, धड कातडीवर त्याने चाटलं, तर लस लागत नाही. चावलं, ओरखडलं, जखमेवर चाटलं, तर लगेच साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी लस घ्यायला जायचं, यात कसलीही टाळाटाळ नाही. ही माहिती वहीत एकदा लिहा, परत शोधायची नाही.

मग शिडी. सगळ्यात कमी भीतीची गोष्ट खाली. "रेबीज" हा शब्द कागदावर लिहून तो टेबलावर ठेवणं, समजा भीती २०. कुत्र्यांचे व्हिडिओ बघणं ३०. ज्या गल्लीत कुत्री झोपतात तिथून समोरच्या बाजूने चालणं ४५. त्याच बाजूने चालणं ६०. जिथून कुत्रं आत्ता उठलं त्या फरशीवर चप्पल घालून उभं राहणं ७०. ती चप्पल घरी आल्यावर न धुता नेहमीच्या जागी काढणं ८०. ज्या कट्ट्यावर कुत्रं बसतं तिथे बसून चहा पिणं आणि घरी येऊन पाय न बघता झोपणं ९०. अनोळखी कुत्र्याच्या तोंडात हात घालणं शिडीत नसतं, शहाणा माणूस जे रोज सहज करतो तेवढंच आपल्याला परत मिळवायचंय.

एका पायरीवर रोज काम करा, आठवड्यातून एकदा करून उपयोग होत नाही. पायरी करताना भीती वाटणारच, वाटली पाहिजे. "काही होणार नाही, काही होणार नाही" असं मनात घोकू नका, ती पण कृतीच झाली. त्याऐवजी म्हणा, "होईलही कदाचित, मला माहीत नाही, आणि मी आता चहा पिणार आहे." हे वाक्य सुरुवातीला भयंकर वाटतं, पण खरं काम तेच करतं. पायरी कंटाळवाणी वाटायला लागली की पुढची घ्या, आणि तीच पायरी वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या वेळी पण करा, नाहीतर मेंदू शिकतो की फक्त कोथरूडची कुत्री सुरक्षित आहेत. भीती शून्य व्हायची वाट बघू नका. भीती असतानाही बसता आलं, उठता आलं, झोपता आलं, एवढं बघा.

कॅन्सर किंवा हार्टच्या भीतीसाठी शिडी वेगळी दिसते. मॉलमध्ये लिफ्टऐवजी जिना चढून ठोके वाढू देणं आणि नाडी न बघणं, वैकुंठ स्मशानभूमीसमोरून जाणारा टाळलेला रस्ता परत घेणं, हॉस्पिटलच्या वेटिंगमध्ये बसून येणं, फॉर्मवर वारसाचं नाव लिहिणं, आणि एक परिच्छेद स्वतःच्या हाताने लिहिणं की कदाचित मला तो आजार असेल आणि डॉक्टरांच्या लक्षात आला नसेल, मला आज ते कळणार नाही. तो परिच्छेद रोज वाचायचा, बेचव होईपर्यंत.

गॅस आणि कडीचं छोटं आहे. नॉब एकदा बंद करायचा, हात लावायचा नाही, फोटो काढायचा नाही, घरातल्या कोणाला "तू बघितलंस ना" विचारायचं नाही, आणि निघायचं. परत परत तपासल्याने आठवण उलट धूसर होते, हे अभ्यासातून दिसलंय. त्यामुळे पाचव्यांदा बघून खात्री वाटत नाही यात तुमची स्मरणशक्ती बिघडलेली नाही.

जेव्हा सगळं डोक्यातच चालतं

काहींची कृती बाहेर दिसतच नाही. देवासमोर उभं राहिलं की शिवी आठवते, सुरी दिसली की वाटतं मी कोणाला मारलं तर, बाळंतिणीला बाळाला आंघोळ घालताना वाटतं की आपल्या हातून काही होईल. यातल्या प्रत्येकीला वाटतं मी राक्षसीण आहे आणि ती कोणाला सांगत नाही. ओसीडीत हे विचार आपल्याला नकोसे असतात, किळस आणणारे असतात, आपण त्यांच्यापासून पळतो, म्हणून तर इतका त्रास होतो. नवीन आयांना हे सांगायलाच हवं: असा विचार येतो हे डॉक्टरांना सांगा, याला उपचार आहेत. मात्र आवाज ऐकू येत असतील, विचार बरोबर वाटत असेल किंवा स्वतःला संपवावंसं वाटत असेल तर ते वेगळं आहे, तेव्हा त्याच दिवशी घरच्यांना आणि डॉक्टरांना सांगायचं.

इथे विचाराशी वाद घालू नका. महाराष्ट्रात विवेकनिष्ठ मानसोपचार (चुकीचा विचार तर्काने तपासून बदलायचा) बऱ्याच जणांनी वाचलेला असतो, तो चांगलाच आहे, मला त्याचा फायदा झालाय. पण ओसीडीच्या शंकेला रोज तर्काने हरवायला बसलं की तो तर्कच जप होऊन बसतो. विचार दाबणंही चालत नाही. डॅनियल वेग्नर यांनी १९८७ च्या प्रयोगात लोकांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगितलं तेव्हा तेच अस्वल वारंवार मनात आलं. आला विचार, राहू दे, पोळी लाटायची आहे.

घरच्यांनी काय करायचं

घरचे प्रेमाने उत्तर देतात आणि आजार पोसला जातो, यात त्यांचा दोष नाही, कोणाच्या जीवाला बरं वाटेल समोरच्याला रडताना बघून. पण ठरवून बदला, आणि तेही शांत वेळी, भांडण चालू असताना नको. मुलगा विचारतो, "आई, ही गाठच आहे ना गं? तूच बघ एकदा." आईने म्हणायचं, "बाळा, तुला भीती वाटतेय हे दिसतंय मला. पण आपलं ठरलंय, मी या प्रश्नाचं उत्तर देणार नाही. चल, माझ्याबरोबर मंडईत." एवढंच. नवरा-बायकोत पण असंच, "अहो, ठरलंय ना आपलं" हे वाक्य पुरतं. ओरडणं, "नाटकं बंद कर", "तुझ्यापेक्षा आजारी लोक बघ" याने काही होत नाही. आणि एका झटक्यात सगळी मदत काढून घेऊ नका, पेशंटबरोबर बसून ठरवा की या आठवड्यात कुठला एक प्रश्न बंद.

सोवळ्याबद्दल जपून लिहिते. घरात सोवळं-ओवळं, शिवाशीव पाळत असतील तर ओसीडी त्यात वर्षानुवर्षं लपून राहतो, "आमची आजी फार सोवळ्यातली" म्हणून कौतुकही होतं. फरक बघायचा तो वेळेत आणि त्रासात. बाकीच्यांची पूजा अर्ध्या तासात होते आणि एकीची तीन तास चालते कारण मंत्र चुकला वाटून परत पहिल्यापासून, आणि उठताना समाधान नाही, रडू आहे, तर ती भक्ती राहिलेली नाही. रामरक्षा रोजच्या वेळी म्हणा, एकदा, चूक झाली तरी पुढे जा. भीती वाटली म्हणून, वाईट घडू नये म्हणून मधेच म्हणू नका.

डॉक्टर, गोळ्या आणि पुण्यात कुठे जायचं

मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर मानसोपचारात शिक्षण घेतलेले डॉक्टर, ते गोळ्या देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट थेरपी देतात, त्यांची रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे नोंदणी असते, ती विचारायला संकोचू नका. थेरपिस्टला पहिल्याच भेटीत विचारा: ओसीडीसाठी ईआरपी करता का, घरी काय सराव देता. दर वेळी फक्त रिलॅक्सेशन आणि "पॉझिटिव्ह विचार करा" मिळत असेल तर दुसरं कोणीतरी बघा. ईआरपीचे साधारण १२ ते २० सेशन धरून चाला.

सरकारीमध्ये ससूनला मानसोपचार विभाग आहे. येरवड्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय पण आहे आणि तिथे ओपीडीत दाखवून माणसं घरी जातात. "येरवड्याला पाठवू का" हे आपण लहानपणापासून ऐकलंय आणि त्या एका वाक्याने कित्येक जण उपचारापासून लांब राहिलेत याचं मला फार वाईट वाटतं. घरबसल्या बोलायचं असेल तर टेली-मानसचा नंबर १४४१६, केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू केलेली ही मोफत सेवा आहे, चोवीस तास, मराठीतून बोलता येतं. इन्शुरन्सबद्दल: २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात म्हटलंय की मानसिक आजाराला विम्यात शारीरिक आजारासारखीच वागणूक हवी, पण बऱ्याच पॉलिसी फक्त अॅडमिट झाल्यावरच पैसे देतात, त्यामुळे ओपीडीचं आधी वाचून घ्या.

गोळ्या बहुतेक एसएसआरआय गटातल्या (मेंदूतल्या सेरोटोनिनवर काम करणाऱ्या) असतात, फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, फ्लुव्होक्सामिन, एस्सिटालोप्राम, आणि दुसऱ्या गटातली, जुनी पण प्रभावी क्लोमिप्रामिन. ओसीडीत यांचा डोस डिप्रेशनपेक्षा बहुतेक वेळा जास्त लागतो आणि फरक दिसायला ८ ते १२ आठवडे जातात, म्हणून दोन आठवड्यांत "लागू पडत नाही" म्हणून सोडू नका. सुरुवातीला मळमळ, झोपेत बदल, थोडी घालमेल होऊ शकते, ती बहुतेक कमी होते. लैंगिक इच्छेवर परिणाम होऊ शकतो, तो डॉक्टरांना लाजून न सांगणारे फार असतात, सांगा, पर्याय असतात. डब्यातला साइड इफेक्टचा कागद आपल्यासारख्यांनी स्वतः वाचत बसू नये, घरच्याला द्या आणि डॉक्टरांना विचारा कशासाठी फोन करायचा. बरं वाटलं तरी गोळ्या साधारण वर्ष-दोन वर्षं चालतात आणि हळूहळू कमी करतात, एकदम बंद नाही. झोपेच्या किंवा लगेच शांत करणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने मेडिकलमधून आणू नका, त्यांची सवय लागते.

आणि खरंच काही झालं तर?

हा प्रश्न आपल्याला सगळ्यात जास्त अडवतो, म्हणून नियम आधीच ठरवून ठेवायचा. छातीवर दाब आणि घाम, चेहरा वाकडा होणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोलता न येणं, धाप लागून वाक्य न होणं, बेशुद्ध पडणं, रक्ताची उलटी, यात लगेच १०८ ला फोन. बाकीचं बारीकसारीक, म्हणजे कळ, चमक, पुरळ, घसा, फडफडणारी पापणी, याला दोन आठवडे द्यायचे. तेवढ्यात गेलं तर गेलं, राहिलं किंवा वाढलं तर ठरलेल्या एकाच डॉक्टरकडे. तुम्हाला आधीपासून शुगर, हार्टचा त्रास असेल किंवा पोटात बाळ असेल तर हा नियम डॉक्टरांबरोबर बसून तुमच्यासाठी वेगळा लिहून घ्या. ते काय म्हणाले ते एका ओळीत वहीत लिहायचं, दुसऱ्या डॉक्टरकडे "फक्त कन्फर्म" करायला जायचं नाही. शहरात साथ आली, झिका, डेंग्यू, पाण्याचं काही, तर महापालिका जे सांगते तेवढं करायचं, तेही एकदा, आणि बातम्या दिवसातून ठरलेल्या एका वेळी.

त्रास परत येतो हे पण धरून चाला, परीक्षा, बाळंतपण, जवळच्या कोणाचं आजारपण, जागरणं, कामाचा ताण, यात तो डोकं वर काढतो. परत आला म्हणजे केलेलं सगळं वाया गेलं असं नसतं, शिडी माहीत असते, दुसऱ्यांदा ती बरीच लवकर चढता येते. बरं वाटल्यावरही महिन्यातून एकदा वही उघडून बघा की कुठली कृती गुपचूप परत आलीय का. माझ्या बाबतीत ती नेहमी विचारण्याच्या रूपाने येते, म्हणून घरी सांगून ठेवलंय की मी एकच प्रश्न दुसऱ्यांदा विचारला की मला तिथेच थांबवा. आणि विषय बदलला तर फसू नका. काल हार्ट होतं, आज स्किन, उद्या कडी, वाटतं की हे मात्र वेगळं आहे, हे खरं आहे. तेव्हा वहीत नवीन पान काढायचं, शिडी लिहायची आणि सगळ्यात खालच्या पायरीपासून त्याच दिवशी सुरुवात करायची.